गुंडप्पानं पाय सोडला असता तर

आमचं कॉलेज कबड्डीची फायनल हरलं त्याला आता पंचवीस वर्षं होत आली, आणि आमच्या घरात ती मॅच अजून चालू आहे.

हुलसूरला माझ्या थोरल्या भावाचं पंप-मोटारी दुरुस्तीचं दुकान आहे. त्याचं नाव अशोक, पण सगळं गाव त्याला अण्णा म्हणतं. संध्याकाळी शटर अर्धं खाली आलं की आतल्या बाकड्यावर आम्ही तिघं जमतो. अण्णा आमच्या टीमचा एक नंबरचा चढाईवाला होता. आमचा दोस्त गुंडप्पा पकडीला होता. आणि मी टाळ्यांना होतो. (हसू नका. टाळ्या कुणीतरी वाजवाव्याच लागतात.)

चहा आला की सुरू होतं. आदल्या वर्षी सेमीफायनलला पंचानं आपला एक पॉइंट खाल्ला नसता तर? त्याच्या आदल्या वर्षी जीप पंक्चर होऊन अर्धी टीम मॅच संपल्यावर पोचली नसती तर? हे सगळं नुसतं अंग गरम करायला. खरा विषय दुसऱ्या चहाला निघतो.

गुलबर्ग्याची फायनल. दोन्हीकडं सारखे पॉइंट. शेवटची चढाई आपली. अण्णा मांडीवर थाप मारून निघाला, तेवढ्यात बाहेरून आमचे वाघमारे सर ओरडले, "अशोक, तू थांब. गुंडप्पा, तू जा." (आमच्याकडं कॉलेजात खेळ शिकवणाऱ्याला पीडी सर म्हणतात. वाघमारे सर आमचे पीडी.) आता गुंडप्पानं जन्मात कधी चढाई केली नव्हती. तरी तो गेला, आणि कसं काय कोण जाणे, पहिल्याच झटक्यात समोरच्याच्या पायाला त्याचा हात लागला. पॉइंट आपला! आता नुसतं माघारी पळत यायचं होतं. मी तर शेजारच्याला उचलूनच घेतलं होतं.

पण गुंडप्पा पडला पकडवाला. हातात पाय आला आणि त्यानं तो धरला. आधी एका हातानं, मग दोन्ही हातांनी. आम्ही सगळे "सोड, सोड" म्हणून बोंबलायलोय आणि हा अजून आवळायलाय. मग समोरची सगळी टीम सावकाश चालत आली, आणि घाई न करता एकेक जण त्याच्या अंगावर बसला. कप त्यांचा झाला.

तेव्हापासून अण्णाचं म्हणणं, "मला पाठवलं असतं तर कप आपला होता." गुंडप्पाचं म्हणणं, "मला पाठवलंच कामून?" आणि माझं म्हणणं, "मला खेळायला घेतलं असतं ना, पाय शिवून दोन उड्यांत माघारी आलो असतो." मी हे म्हणलं की गुंडप्पा तिसरा चहा सांगतो. एका गोष्टीवर मात्र तिघांचं एकमत असतं. चूक सरांची. इतकी वर्षं रोज संध्याकाळी आम्ही त्या माणसाचा उद्धार केला. घरातल्या भिंतीवर टीमचा फोटो होता, त्यात सरांच्या तोंडावर अण्णानं इंजिन ऑइलच्या डब्याचं लेबल चिकटवलं होतं.

तर ह्या घरात माझी पोरगी प्रज्ञा लहानाची मोठी झाली. आता ती गुलबर्ग्याला दवाखान्याच्या लॅबमध्ये नोकरीला आहे. मागच्या वर्षी सुट्टीला आली आणि चहा पिता पिता म्हणाली, "पप्पा, मला एक मुलगा आवडलाय. लग्न करीन तर त्याच्याशीच."

मी मुळात काळजीखोर माणूस. आभाळ आलं तरी काळजी, न्हाई आलं तरी काळजी. बापानं विचारायचं ते सगळं विचारून घेतलं. पोरगा आपल्यातलाच होता, सोलरच्या कंपनीत होता, नाव राहुल, पित न्हाई, खात न्हाई. काळजी करायला जागाच सापडेना म्हणून मला आणखी काळजी वाटायला लागली.

"वडील काय करतात?"

"रिटायर झालेत. बिदरला असतात. कॉलेजात पीडी होते."

"कुठल्या कॉलेजात?"

"तुमच्याच," प्रज्ञा म्हणाली.

माझी बायको शोभा आतून बाहेर आली, माझ्याकडं बघितलं, भिंतीवरच्या फोटोकडं बघितलं आणि म्हणाली, "घ्या. आता काढा ते लेबल."

प्रज्ञानं मला नीट समोर बसवलं. "पप्पा, नीट ऐका. त्यांच्या घरात फायनलचं नाव काढायचं न्हाई. राहुलच्या मावशीच्या लग्नात कुणीतरी काढलं तर त्याचे पप्पा भरल्या ताटावरनं उठून गेले. मावशी अजून बोलत न्हाई त्यांच्याशी. पुढच्या रविवारी ते बघायला येणार आहेत. त्या दिवशी तुमच्या कबड्डीपायी हे मोडलं ना, तर मी तुमच्याशी बोलायची न्हाई."

ही धमकी नव्हती. नववीत असताना सायकलवरून तिनं माझ्याशी अबोला धरला होता, तो अख्खा उन्हाळा चालला. तेव्हा सायकलचा प्रश्न होता. आता नवऱ्याचा होता.

मी कामाला लागलो. आधी लेबल. ते जुन्या काळचं चांगल्या डिंकाचं लेबल, सहजासहजी निघेना. ओलं केलं, खरवडलं, शेवटी जोर लावून ओढलं, तर सरांचं तोंडच लेबलासोबत निघून आलं. आता फोटोत आमची टीम, कडेला गळ्यात शिट्टी घातलेला माणूस, आणि त्याच्या मानेवर भोक. फोटो कपाटावर, गोधड्यांच्या खाली सारला. मग बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी भिंतीवर फोटोएवढा पांढराफेक चौकोन दिसायला लागला. त्यावर खताच्या दुकानातलं कॅलेंडर लावलं. ते चौकोनापेक्षा लहान निघालं. चारी बाजूंनी पांढरी कड दिसत राहिली आणि मी आठवडाभर ती कड बघत बसलो.

मग अण्णा. बोलणी करायला थोरला भाऊ पाहिजेच, त्याला टाळता येईना. मी त्याची तालीम घेतली. मी सर झालो, खुर्चीत बसलो.

"जयभीम सर," अण्णा दातओठ खात म्हणाला. "पाऊसपाणी कसं?"

"अण्णा, जरा हसून."

"तू त्यांच्यासारखाच बसायलास. बघून डोकं फिरायलंय माझं."

"पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे."

"मला कळत न्हाई व्हय? माझी पण पोरगीच आहे ती. तुझंच तोंड सांभाळ तू." एवढं बोलून अण्णा उठून गेला. मला ते तेव्हा लागलं होतं.

राहिला गुंडप्पा. त्याला सांगावं तर बिचाऱ्याला वाईट वाटणार. न सांगावं तर तो सुट्टीच्या दिवशी हमखास येणार. मी रात्रंदिवस विचार करून एक नामी युक्ती काढली. "गुंडप्पा," मी म्हणलं, "रविवारी आम्ही सगळेच मुडबीला जायलोत. घरी कुणी न्हाई." तो बरं म्हणाला. किती सोपं होतं, म्हणून मी स्वतःवर खूश झालो. (ह्या युक्तीकडं पुन्हा यावं लागणार आहे.)

रविवार उजाडला. शोभानं अंगणात मोठी रांगोळी काढली, चुरमुऱ्यांचा सुशीला केला, मी इस्त्रीची पँट घातली. पाहुणे आले. वाघमारे सर आता पार वाळले होते, एका पायानं लंगडत होते. सोबत वाघमारे बाई आणि राहुल. सर आत आले, समोर अण्णा उभा. दोघांनी एकमेकांकडं बघितलं.

"जयभीम सर," अण्णा म्हणाला. "पाऊसपाणी कसं?"

"बरं आहे," सर म्हणाले.

दोघंही बसले. अण्णा असा सज्जनासारखा बसला की मला भरून आलं. पण आता पुढं बोलायचं काय? मी विषय काढला, "सर, प्रवास कसा झाला?"

"भालकीपाशी गाडी पंक्चर झाली."

पंक्चर म्हणलं की जीप आठवली. अण्णानं ओठ आवळले. मी घाईनं विषय बदलला, "गुडघा कशानं दुखतोय सर?"

"ग्राउंडवर उभं राहून राहून."

वाघमारे बाई सरांकडं बघून खाकरल्या. दारात प्रज्ञा उभी होती, तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी लगेच सोयाबीनचा विषय काढला. सोयाबीन बरंच लांबलं. मी एकटाच बोलत होतो. मध्येच पंख्याच्या वाऱ्यानं कॅलेंडर उडालं आणि तो पांढरा चौकोन सगळ्यांना दिसला. सरांनी तो बघितला. मग वरच्या खिळ्याकडं बघितलं. मग खाली ताटलीतल्या सुशीलाकडं बघत बसले.

तरीही, सांगतो, सगळं निभावलं असतं. शोभा चहा घेऊन आली होती. वाघमारे बाईंनी प्रज्ञाला जवळ बसवून घेतलं होतं. आणि तेवढ्यात अंगणात धप्पकन आवाज झाला. बघतो तर गुंडप्पा. पुढ्यात कडब्याची पेंडी पडलेली.

"अरे? तुमी घरीच?" तो दारातून म्हणाला. "तुमी न्हाई म्हणून म्हशीला वैरण टाकाय आलो होतो."

ही माझी युक्ती. माझ्या म्हशीची काळजी करणारा एवढा चांगला मित्र असेल हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. गुंडप्पाची नजर फिरत फिरत सरांवर आली. तो तसाच आत आला, सरांच्या पाया पडला, आणि हात जोडून म्हणाला, "सर, त्या दिवशी..."

मला पुढं काही सुचलंच न्हाई. एवढंच कळलं की हा आता बोलणार आणि माझ्या पोरीचं लग्न मोडणार. मी ताडकन उठलो आणि त्याच्या वरच्या आवाजात ओरडलो, "सर, त्या दिवशी फायनलला तुम्ही गुंडप्पाला पाठवलं ते एकदम बरोबर होतं!"

गुंडप्पा गोंधळून म्हणाला, "त्या दिवशी बिदरच्या स्टँडवर सरांना हाक मारली, त्यांना ऐकू गेली न्हाई, असं म्हणायलो होतो मी."

अण्णानं कपाळाला हात लावला. वाघमारे बाईंनी डोळे मिटले. प्रज्ञानं माझ्याकडं बघितलंच न्हाई, आणि त्यातच मला तो सायकलचा उन्हाळा दिसला.

सरांनी कप खाली ठेवला. आता उठणार, मी मनात म्हणलं. सर उठले न्हाईत. पुढं सरकून बसले.

"बरोबर होतं?" सर म्हणाले. "कोण म्हणतं बरोबर होतं? तुम्ही गावभर काय बोलता ते मला माहीत न्हाई व्हय?"

वाघमारे बाई म्हणाल्या, "अहो, गाडीत काय ठरलं होतं? ह्यांच्या घरी हा विषय काढायचा न्हाई म्हणून मी सगळ्या रस्त्यानं सांगत आले."

म्हणजे त्यांच्याकडंही तालीम झाली होती.

"मी कुठं काढला? ह्यांनी काढला," सर म्हणाले. मग त्यांचा आवाजच बदलला. "इतकी वर्षं झाली. शिव्या सगळ्यांनी दिल्या. का पाठवलं म्हणून एकानं येऊन विचारलं न्हाई मला. अशोक, तू तरी विचारायचं होतंस."

अण्णाची मान खाली गेली. मग हळूच म्हणाला, "कामून पाठवलं सर?"

"कारण तू दर वेळी डावीकडनंच जायचास. त्यांना पाठ झालं होतं. तीनदा धरलं तुला त्या दिवशी."

"दोनदा."

"तीनदा."

"दोनदा सर. तिसऱ्यांदा मी घसरलो होतो."

झालं. दोघांच्या खुर्च्या समोरासमोर आल्या. ताटलीतला सुशीला मैदान झाला, खोबऱ्याचे तुकडे खेळाडू झाले. सर म्हणत होते, गुंडप्पाला चढाई करताना समोरच्यांनी कधी बघितलंच नव्हतं म्हणून त्यालाच पाठवला, आणि पॉइंट आणला की न्हाई त्यानं? गुंडप्पा म्हणत होता, आणला की, व्हय. शेवटी सर म्हणाले, "असं बसून कळायचं न्हाई. बाहेर चला."

अंगणात गुंडप्पानं उरलेल्या रांगोळीनं मध्यरेषा मारली. सर लंगडत पकडीला उभे राहिले. "चढाईला कोण?"

अण्णानं गुंडप्पाकडं बघितलं, गुंडप्पानं अण्णाकडं, आणि मग दोघांनी मिळून माझ्याकडं बघितलं.

"हा जाईल," अण्णा म्हणाला. "पाय शिवून दोन उड्यांत माघारी येतो म्हणे. रोज सांगतो."

न्हाई म्हणायची सोय नव्हती. होणाऱ्या व्याह्यांसमोर, इस्त्रीच्या पँटीत, मी कबड्डी कबड्डी म्हणत रेषेपलीकडं गेलो. चौथ्या कबड्डीला दम लागला. तरी सरांच्या पायाला बोट लावलं आणि वळलो. पहिली उडी मारली. दुसरी उडी मारायच्या आत घोट्याला कुणीतरी चिमट्यात धरल्यासारखं झालं, पँट मागून टर्रकन फाटली आणि मी तोंडावर आपटलो. माझ्या मागं सरही पडले. त्यांचा गुडघा अडकला, त्यांना उठता येईना. मुलगी बघायला आलेला नवरदेवाचा बाप माझ्या अंगणात कडब्याच्या शेजारी आडवा.

"राहुल, गाडी काढ," वाघमारे बाई म्हणाल्या. संपलं. पोरीचं लग्न मी माझ्या ह्या दोन पायांनी मोडलं होतं.

"सर, चुकलो," मी मातीत तोंड असतानाच म्हणलं. "पाय सोडा. मी तुम्हाला उठवतो."

"सोडणार न्हाई," सर म्हणाले. "हातात आलेला पाय सोडायचा नसतो."

मग गुंडप्पा सरांजवळ उकिडवा बसला. त्याचा आवाज भरून आला होता. "सर, हेच. हेच शिकवलं होतंत तुमी मला. पहाटे ग्राउंडवर, रोज. मग मी कसा सोडणार होतो?"

सरांनी स्वतःच्या हाताकडं बघितलं. हातात माझा घोटा होता. त्यांनी तो सोडला, आणि पडल्या पडल्या हसायला लागले. इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते सगळं हसण्याचंच होतं असं मला काही वाटत न्हाई. गुंडप्पानं त्यांना काखेत हात घालून बसवलं. गुडघा कट्‌ असा वाजला आणि मोकळा झाला.

"गाडी," वाघमारे बाई पुन्हा म्हणाल्या.

"थांब गं. आधी निकाल लागू दे. ह्याचा हात रेषेला लागला का न्हाई?"

"लागला," अण्णा म्हणाला.

"न्हाई लागला." हे राहुल म्हणाला. सकाळपासून पोरगं पहिल्यांदाच बोललं. "मी इथूनच बघितलं. वीतभर राहिला."

"वीतभर?" प्रज्ञा पायरी उतरून आली. "पप्पांच्या बोटाला रांगोळी बघ. लागला."

"ती पडल्यावर लागली."

"पडताना लागली. पडताना लागलेली चालते."

"आधी दम तुटला होता त्यांचा."

"तू दम मोजायलास का रेषा बघायलास?"

दोघं रेषेवर वाकून हातवारे करून भांडायला लागली. एकमेकांना ऐकून घेईनात. वाघमारे बाई उभ्या राहून बघत होत्या. मग त्यांनी शोभाकडं बघितलं. शोभानं त्यांच्याकडं बघितलं. दोघींनी अशा घरात जन्म काढला होता, त्यांना एकमेकींना काही समजावून सांगावं लागलं न्हाई.

वाघमारे बाई पायरीवर बसल्या. "ह्या दोघांना दुसरीकडं द्यायची सोय न्हाई," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याच्या घराचं वाटोळं करतील. साखर आणा ताई."

साखर आली. मी ती एका हातानं खाल्ली, कारण दुसऱ्या हातानं मागून पँट धरली होती. प्रज्ञा माझ्याजवळ आली, माझ्या नाकाची माती पुसली आणि म्हणाली, "लागला होता पप्पा." ती माझ्याशी बोलली, एवढंच मला पुरे होतं.

लग्न झालं. आता सरांची संध्याकाळ कधी कधी आमच्या बाकड्यावर जाते. फोटो पुन्हा भिंतीवर आहे, त्यातल्या भोकात सरांचा पासपोर्ट फोटो डकवलाय. अण्णाला दोनदा धरलं का तीनदा, हे अजून ठरलेलं न्हाई. गुंडप्पाला पाठवायचं होतं का न्हाई, ह्यावर चहा संपतात, वाद संपत न्हाई. पण दोन्ही घरांचं, सून-जावयासकट, एका गोष्टीवर कायमचं एकमत झालंय. त्या दिवशी मला आत घेतलं असतं तर वाद घालायला शेवटची चढाई उरलीच नसती. आपण हाफटाइमलाच हरलो असतो.